दुसरे सत्र आणि सव्वाचारची गाडी

महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाला कोणते काम द्यावे, याबद्दल आमच्याकडे कधीच मतभेद होत नाहीत. ज्या कामाला मानधन नाही, अधिकार नाहीत आणि ज्याचा अहवाल मात्र चार प्रतींत द्यावा लागतो, ते काम ‘समन्वयक’ या भारदस्त पदासह त्याच्या गळ्यात पडते. याच रीतीने प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या सत्राच्या आरंभी घ्यावयाच्या उद्बोधन कार्यक्रमाचा समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली. महाविद्यालयातील सर्व सोयी, योजना आणि आगामी उपक्रम यांची माहिती प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवावी, असे परिपत्रकात म्हटले होते आणि ‘प्रत्येक’ या शब्दाखाली प्राचार्यांनी स्वतः लाल शाईने रेघ ओढली होती.

असा कार्यक्रम वर्षाच्या सुरुवातीलाच का घेत नाहीत, असे घाटावरचा माणूस विचारील. त्याला सिंधुदुर्गाचे शैक्षणिक वर्ष ठाऊक नसते. पावसाळ्याचे पहिले दोन महिने प्रवेशफेऱ्यांत आणि दाखले गोळा करण्यात जातात. मराठीचा तास कुठल्या खोलीत आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा कुठल्या मजल्यावर, हे मुलांना उमगू लागते न लागते तोच गणपती येतात. मग घरोघरच्या आरत्या, भजने आणि मुंबईहून उतरलेले काका यांच्यापुढे महाविद्यालयाची काय कथा! काका परत जाईपर्यंत परीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागलेले असते. त्यामुळे आमच्या ‘एफवाय’च्या मुलांना आपण महाविद्यालयात आहोत, हे पहिल्यांदा नीट जाणवते ते आंब्याला मोहोर आल्यावर.

आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे आणि विद्यार्थी खाडीकाठच्या आणि सड्यावरच्या, म्हणजे उंच कातळपठारावरच्या, वाड्यांमधून एसटीने येतात. विद्यार्थ्याला मासिक पासासाठी भाड्याच्या एकतृतीयांश पैसे भरावे लागतात, ही महाराष्ट्रातील सर्वांत यशस्वी शैक्षणिक योजना आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कारण बाकीच्या योजनांचे लाभार्थी शोधावे लागतात, आणि या योजनेचे लाभार्थी रोज फूटबोर्डापर्यंत भरलेले दिसतात. अडचण इतकीच की, त्यांची परतीची गाडी सव्वाचारला सुटते. ती चुकली तर पुढची थेट वस्तीची, आणि जानेवारीत त्या वेळेपर्यंत काळोख पडलेला असतो. आता महाविद्यालयाकडे पाहावे, तर ग्रंथालयाची अभ्यासिका तासिका संपल्यावर, जिमखाना साडेचारला, स्नेहसंमेलनाच्या तालमी त्याहून उशिरा आणि समुपदेशन कक्ष चार ते पाच. म्हणजे विद्यार्थ्याच्या सर्वांगीण विकासाची सगळी कवाडे चार वाजता उघडतात आणि विद्यार्थी सव्वाचारला गाडीत बसतो.

हे गणित मला प्रथम लक्षात आले ते उद्बोधनाच्या दिवशीच. कार्यक्रम तीन वाजता ठेवला होता. दीपप्रज्वलन झाले, खिडकीतून आलेल्या वाऱ्याने दोन वाती विझवल्या, त्या पुन्हा पेटवण्यात आल्या; मग स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचे भाषण आणि त्या भाषणात पाहुण्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतील पायपीट, असे सर्व यथासांग पार पडले. मी माहिती सांगायला उभा राहिलो तेव्हा चारला पाच कमी होते. ‘कोणाला काही शंका आहेत का?’ हे वाक्य मी भाषणाच्या शेवटासाठी राखून ठेवले होते. ते नाइलाजाने सुरुवातीलाच म्हटले. मागच्या बाकावरचा एक मुलगा नम्रपणे उभा राहिला आणि म्हणाला, “सर, सव्वाचारची चुकली तर मी घराक कसो जातलंय?” त्याच्यापाठोपाठ अर्धे सभागृह उभे राहिले. त्यांचा त्याला पाठिंबा असावा असे मला वाटले, पण त्यांनी दप्तरेही उचलली होती.

तेव्हापासून मी मुलांना एकेकटे गाठण्याचे धोरण स्वीकारले. आरंभ ‘अपार’ या विद्यार्थ्याच्या कायमस्वरूपी ओळख क्रमांकापासून केला, कारण नव्या शैक्षणिक धोरणात त्याच्याशिवाय पान हलत नाही. विद्यार्थी वर्षाला जे ४० ते ४४ श्रेयांक मिळवतो, ते अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील त्याच्या खात्यात जमा व्हायचे असतात. ही बँक २०२१ साली सुरू झाली. खाते उघडायला पैसे लागत नाहीत, जामीनदार लागत नाही, फक्त आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो. हा ‘फक्त’ दिल्लीत लिहिला गेला असावा. एका मुलीच्या आधारला वडिलांचा मोबाइल जोडलेला होता आणि वडील मासेमारीच्या ट्रॉलरवर होते. जून आणि जुलै हे बंदीचे दोन महिने सोडले तर ते बहुधा समुद्रातच असतात, आणि किनारा दिसेनासा झाला की मोबाइलची रेंज किनाऱ्याच्याही आधी दिसेनाशी होते. ओटीपीची मुदत दहा मिनिटांची आणि वडिलांची फेरी कित्येक दिवसांची, तेव्हा ते बंदराला लागतील तेव्हाच हे काम करायचे असे ठरले आणि मी माझ्या दैनंदिनीत भरती-ओहोटीच्या वेळा लिहू लागलो.

दुसऱ्या एका मुलाचा क्रमांक मुंबईच्या काकांकडे होता. काकांना फोन लावला, ओटीपी पोहोचला, आणि काका ठामपणे म्हणाले, “ओटीपी कोणालाही सांगायचा नाही असं बँकेनंच सांगितलंय.” मी प्राध्यापक असल्याचे सांगितले. त्यावर त्यांनी, फसवणारे लोक हल्ली असेच सांगतात, ही माहिती पुरवली. मग त्यांनी माझे गाव विचारले, वाडी विचारली, आमच्या देवळाजवळच्या विहिरीला पायऱ्या किती हे विचारले आणि माझ्या मावशीच्या सासरचे एक घर त्यांच्या ओळखीचे निघाल्यावर ते एकदम मोकळे झाले. मावशीची तब्येत कशी आहे, हेही त्यांनी आपुलकीने विचारले. यानंतर त्यांनी सहाही आकडे सावकाश, प्रत्येकी दोनदा उच्चारून सांगितले, आणि त्या क्षणी संगणकाच्या पडद्यावर ओटीपीची मुदत संपल्याची लाल ओळ उमटली. नवा ओटीपी मागवला तेव्हा काका लोकलमध्ये चढले होते.

शिष्यवृत्तीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो विषय थोडक्यात सांगण्याजोगा नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत शुल्काचा मोठा भाग परत मिळू शकतो, हे आमच्या अनेक घरांत ठाऊकच नसते. ठाऊक होते तेव्हा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा निघतो. आंबा कलमांच्या मालकाचे उत्पन्न किती, हा प्रश्नही मोहोर पाहून विचारावा की त्यावरची तुडतुड्याची कीड पाहून, यावर कार्यालयातील लिपिकांनी माझ्याशी गंभीर चर्चा केली. ‘महाडीबीटी’च्या पोर्टलवर अर्ज भरताना एका मुलाने व्यवसायाच्या रकान्यापुढे ‘फवारणी’ असे लिहिले, आणि त्या आठवड्यातील त्याची अनुपस्थिती पाहता ते चुकीचे म्हणता आले नाही.

खरी पंचाईत झाली ती सहशालेय श्रेयांकांची. राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा किंवा सांस्कृतिक कार्य यांपैकी काहीतरी करून विद्यार्थ्याने हे दोन श्रेयांक मिळवायचे असतात. माझ्या वर्गात पहिल्या तासाला नियमितपणे डुलकी घेणारा एक मुलगा आहे. त्याने कोणताच उपक्रम निवडला नव्हता म्हणून मी त्याला बोलावून सांस्कृतिक कार्याचे महत्त्व समजावून सांगितले. त्याने सर्व शांतपणे ऐकून घेतले. नंतर त्याच्या मित्राकडून कळले की, जत्रांच्या हंगामात हा मुलगा दशावतारी नाटकात स्त्रीभूमिका करतो. मध्यरात्रीच्या सुमारास नेसलेले नऊवारी लुगडे पहाटे सोडतो आणि तोंडावरचा रंग पुसून सकाळच्या गाडीने तासाला येतो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेले असते आणि बाकी सारे नटाने मृदंग-पेटीच्या साथीत उभ्या उभ्या रचायचे असते. म्हणजे जो मुलगा रात्रभर गावासमोर द्रौपदीच्या तोंडून धर्मराजाला निरुत्तर करतो, त्याला मी सकाळी सभाधीटपणाच्या कार्यशाळेचे पत्रक दिले होते. कागदपत्रांत मात्र त्याची नोंद करायला रकाना सापडेना. मंडळाच्या मालकाचे प्रमाणपत्र चालेल का, असे मी वरिष्ठांना विचारले आहे. उत्तर अजून यायचे आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेचे काम त्यामानाने सरळ आहे. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे आणि दत्तक गावातील सात दिवसांच्या निवासी शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रीत आहे. आमच्या शिबिराचे मुख्य काम म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती आणि वाळू भरायची, तोंडे शिवायची आणि त्या वहाळाच्या पात्रात एकीवर एक रचायच्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेणारी आमची जमीन ते पाणी जांभ्यातून असे झिरपू देते की, वैशाखात बायकांना विहिरीच्या तळाशी तांब्या खरवडावा लागतो. त्यामुळे गोण्यांमागे अडलेले गुडघाभर पाणी पाहायला सगळी वाडी जमते. या शिबिराला मुले आनंदाने येतात. तिथे मुक्काम असल्यामुळे गाडीचा प्रश्न नसतो, हे कारण मी अहवालात लिहिलेले नाही.

आगामी उपक्रमांचे वेळापत्रक करणे हेही समन्वयकाचेच काम. १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, मध्येच २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन. या सर्वांच्या अधेमधे क्रीडा सप्ताह, पारंपरिक वेशभूषा दिन, स्नेहसंमेलन आणि, जागा उरल्यास, तासिका बसवायच्या असतात. मी तक्ता करून नेला तेव्हा ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, “अहो सर, आंगणेवाडीची जत्रा कधी आहे?” या प्रश्नाला पंचांगात उत्तर नाही. भराडीदेवीचा कौल लागल्यावर तारीख ठरते आणि ती जाहीर झाली की सारे चाकरमानी रेल्वेच्या आरक्षणावर तुटून पडतात. अंतर्गत चाचणीची तारीख त्यामुळे मोकळी ठेवावी लागली. परीक्षेच्या तारखांनाही पंचांगाचा आधार नसतो, हे खरे. पण देवीची तारीख एकदा जाहीर झाली की बदलत नाही, एवढा फरक आहे.

माझे उद्बोधन अखेर तडीस गेले ते मात्र एसटी महामंडळाच्या कृपेने. एका दुपारी मी कणकवलीला जाण्यासाठी स्टँडवर उभा असताना ध्वनिक्षेपकावरून नियंत्रकांनी जाहीर केले की, सव्वाचारची गाडी मार्गात नादुरुस्त झाली असून दुसरी गाडी मागवण्यात आली आहे. फलाटावर प्रथम वर्षाचे जवळजवळ सगळे विद्यार्थी होते. जायला जागा नव्हती, मोबाइलला धड रेंज नव्हती आणि वडापाव संपले होते. अशी श्रोतृसभा प्राध्यापकाच्या आयुष्यात वारंवार येत नाही. मी सिमेंटच्या बाकाजवळ उभा राहून बोलू लागलो.

आश्चर्य म्हणजे मुले प्रश्न विचारू लागली. घरी बसून वाचता येतील अशी पुस्तके आहेत का, असे एकीने विचारले, तेव्हा ग्रंथपालांकडून एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-ग्रंथालयाचा पासवर्ड घेतला की लाखो ई-पुस्तके मोबाइलवर उघडतात हे सांगितले. त्यावर तिने, सड्यावर गेल्यावर उघडतील, अशी दुरुस्ती केली. ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयातले काम मधल्या रिकाम्या तासाला मिळेल का, हा प्रश्न मला स्वतःला सुचला नव्हता आणि तो मी वहीत टिपून घेतला. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच मतदार नोंदणीचा अर्ज करता येतो, हे ऐकून मागच्या रांगेत थोडी चढाओढ झाली. रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे, असे सांगितल्यावर मुले हसली, कारण आमच्याकडे वरच्या वर्गातली मुले बहुधा चुलतभाऊच निघतात. त्यानंतर मी समुपदेशन कक्षाचे सांगितले. त्या कक्षाचे दार काचेचे असून तो प्राध्यापकांच्या खोलीला लागून आहे आणि तिथे आजवर कोणी फिरकलेले नाही. म्हणून मन अस्वस्थ असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही मोफत लागतो, असे मी जोडले. या वेळी कोणी हसले नाही. पुष्कळांनी तो आकडा न बोलता उतरवून घेतला.

गाडी आली तेव्हा शिष्यवृत्तीवर प्रश्नोत्तरे चालू होती. मुले चढली, पण गाडी हलेना. कंडक्टर बाईंनी दोरी हातात धरून मला खिडकीतून विचारले, “सर, माझी मुलगी बारावीला आहे. दाखला आत्ताच काढून ठेवू की निकालानंतर?” मी सविस्तर उत्तर दिले. चालकाने हॉर्न वाजवला. बाईंनी त्याला थांबायची खूण करून बँक खाते आधारशी कसे जोडायचे तेही विचारून घेतले आणि मगच डबल बेल दिली. माझी कणकवलीची गाडी दरम्यान निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल सादर केला. गुणवत्ता हमी कक्षाच्या सरांनी तो वाचला आणि बॅनरसह काढलेले, अक्षांश-रेखांश दाखवणारे छायाचित्र नसल्यामुळे हा कार्यक्रम झाला असे धरता येणार नाही, असे सांगितले. म्हणून मी बॅनर घेऊन चार वाजता पुन्हा स्टँडवर गेलो. त्या दिवशी गाडी वेळेवर आली आणि वेळेवर सुटली. छायाचित्रात अक्षांश-रेखांश स्पष्ट आहेत, बॅनर ताठ आहे, त्याचे एक टोक नियंत्रकांनी धरले आहे आणि दुसरे वडापाववाल्याने. अहवाल मंजूर झाला.