गढूळपणा मापक किट: 'विहिरीच्या पाण्याला शून्यच' या तक्रारीचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंत की विहिरीच्या पाण्याला किट शून्य दाखवतं, दुधाचे दोन थेंब टाकले तरी शून्यच, आणि ट्यूबलाइट लावली की आकडा थरथरतो. म्हणजे फोटोडायोड (उजेड पडला की करंट देणारा भाग) डुप्लिकेट आहे, असं तुमचं म्हणणं. तक्रार खरी आहे. पण चूक डायोडची नाही, आमची आहे. त्या खेपेत डायोडच्या करंटचं मोजता येईल अशा व्होल्टेजमध्ये रूपांतर करायला आम्ही एलएम३५८ आयसी घातला, तो या कामाचा नाही.

किट एलईडीचा उजेड पाण्यात सोडतं आणि गढूळपणामुळे काटकोनात विखुरलेला उजेड डायोडनं मोजतं, तो फार कमी असतो. पाणी थोडंच गढूळ असेल तर डायोडचा करंट काही नॅनोअँपिअरच (अँपिअरचा अब्जावा भाग) भरतो. एलएम३५८ च्या इनपुट पायातून स्वतःचाच २० ते ४५ नॅनोअँपिअर करंट बाहेर येतो. डायोडला लागतो तेवढा करंट तो पायच पुरवून टाकतो, आउटपुट आणि इनपुट पाय जोडणाऱ्या १० मेगाओहमच्या फीडबॅक रेझिस्टरमधून काही जात नाही आणि आउटपुट शून्यावर बसतं. ४५ नॅनोअँपिअर गुणिले १० मेगाओहम, म्हणजे ०.४५ व्होल्टपर्यंतचं माप सुरुवातीलाच बुडालं.

त्याच सॉकेटमध्ये एमसीपी६००२ हा आयसी बसवा. पाय तसेच, खाच त्याच बाजूला, इनपुट करंट साधारण १ पिकोअँपिअर (नॅनोअँपिअरचा हजारावा भाग). मात्र सप्लाय मोबाइल चार्जरचा ५ व्होल्टच ठेवा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली तर हा आयसी जळेल. सीए३१४० हा दुसरा आयसी हाताशी असला तरी इथे लावू नका, त्याच्या पायांची मांडणी वेगळी आहे.

थरथर ट्यूबलाइटच्या १०० हर्ट्झ लुकलुकीची आहे. रेझिस्टरला समांतर लावलेला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर ती अडवू शकत नाही. त्या जागी १० नॅनोफॅरडचा (वर '१०३' छापलेला) लावा. आकडा अर्ध्या सेकंदात स्थिरावेल. पण डब्यात बाहेरचा उजेड शिरत असेल तर कपॅसिटरचा काही उपयोग नाही. डायोडचा करंट अर्धा मायक्रोअँपिअर झाला की आउटपुट ५ व्होल्टला टेकतं, आणि तेवढ्याला झाकणाची एक फट पुरते.

सोल्डरिंगनंतर आयसीच्या २ नंबरच्या (इनपुट) पायाभोवती राहिलेला पिवळट, चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं घासून काढा. पावसाळी दमट हवेत ५ व्होल्टच्या पट्टीपासून त्या पायापर्यंत १०० मेगाओहमची गळती झाली तरी ५० नॅनोअँपिअर शिरतो, की पुन्हा तेच शून्य. नवा आयसी घालूनही फरक पडला नाही तर आधी इथेच बघा.

डायोडची शंका असेल तर तो सोडवून उन्हात धरा. दोन पायांवर मल्टिमीटरनं ०.३ व्होल्टच्या वर दाखवलं तर तो ठीक आहे. मग झाकण लावून, एलईडी बंद ठेवून आउटपुट मोजा, ०.०५ व्होल्टच्या आत हवं.

आयसी आणि कपॅसिटर आम्ही आमच्या खर्चानं पाठवतो. शाळेचं प्रदर्शन जवळ असेल तर बोर्ड घेऊन आर्वीला दुकानात या, समोर बदलून, दुधाचे थेंब टाकून दाखवतो. किट नको असेल तर पूर्ण पैसे परत. त्या खेपेतल्या बाकी गिऱ्हाइकांनीही सॉकेटमधल्या आयसीवरचा नंबर वाचून कळवावा, त्यांनाही बदलून देऊ.