कोळसा वाळवता येईल, पण तो घेणार कोण?

माझी सगळी नोकरी विदर्भातल्या औष्णिक वीज केंद्रात, बॉयलर विभागात गेली. निवृत्तीनंतर आता मुलीकडे मेलबर्नला असतो. इथून पूर्वेला दीड-दोन तासांवर लॅट्रोब खोरं आहे. तिथला तपकिरी कोळसा, म्हणजे लिग्नाइट, वाळवून चीनच्या वीज केंद्रांना विकायचा, ही योजना इथे दर काही वर्षांनी डोकं वर काढते. या विषयावर बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

आधी त्या कोळशाबद्दल. काही ठिकाणी थर 100 मीटरपेक्षा जाड, आणि वरची माती काढली की कोळसा लागलाच. गंधक कमी. राख तर इतकी कमी की आमच्यासारख्यांना हेवाच वाटावा. आपल्याकडच्या कोळशात 35-40 टक्के राख. ती कोळसा दळणाऱ्या मिलचे रोलर खाते, बॉयलरच्या नळ्या झिजवते, आणि ट्यूब लीकेज झालं की अख्खं युनिट बंद करावं लागतं. लॅट्रोबच्या कोळशात राख जेमतेम दोन-चार टक्के. त्यामुळे हा कोळसा परदेशी विकावा असं कुणाच्या मनात आलं, तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

पण त्यात पाणी 60 ते 65 टक्के. ओलं सरपण चुलीत घातल्यावर जे होतं तेच बॉयलरमध्ये होतं, बरीच आच पाण्याची वाफ करण्यात जाते. म्हणून हा कोळसा लांब नेणं परवडत नाही, आणि म्हणूनच वीज केंद्रं थेट खाणीच्या काठावर उभी राहिली. नुसता वाळवूनही भागत नाही. वाळलेला कोळसा हवेतली ओल शोषून घेतो आणि ढिगातल्या ढिगात तापून पेट घेतो. जहाजाच्या पोटात हे झालं तर काय होईल, याची कल्पना करा.

यावर उपाय शोधले गेले. एक्सर्जन कंपनीची रीत होती कोळसा दाबाखाली सुमारे 300 अंशांपर्यंत तापवायची, म्हणजे पाणी वाफ न होताच सुटतं. मुंबईच्या टाटा पॉवरनेही या कंपनीत छोटा हिस्सा घेतला होता. कोल्ड्री नावाची दुसरी पद्धत. त्यात कोळसा मळून, गोळ्या पाडून कमी उष्णतेवर सुकवतात. तंत्र म्हणून दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यामागच्या अभियंत्यांबद्दल मला आदर आहे.

2012 मध्ये ऑस्ट्रेलियाचं केंद्र सरकार आणि इथलं व्हिक्टोरिया राज्य सरकार यांनी मिळून लिग्नाइट सुधारण्याच्या प्रात्यक्षिक प्रकल्पांसाठी 9 कोटी डॉलर बाजूला काढले. निवडलेल्या कंपन्यांत चीनची शांघाय इलेक्ट्रिकही होती. त्यातून चीनला जहाजभर कोळसासुद्धा गेला नाही.

का गेला नाही? चीनला हा कोळसा लागतच नाही. 2023 मध्ये चीनने स्वतःच्या खाणींतून सुमारे 4.7 अब्ज टन कोळसा काढला. दक्षिण किनाऱ्यावरच्या केंद्रांना हलका, स्वस्त कोळसा हवा असेल तर तो इंडोनेशियातल्या कालिमंतानहून येतो, किलोमागे 3800 किलोकॅलरी उष्णता देणारा, तसाच ओला, कुठलीही प्रक्रिया न करता. अंतर कमी, भाव कमी. त्याच्यासमोर हजारो कोटींचं संयंत्र उभारून, वाळवून, आणखी लांबून आणलेला कोळसा टिकणार कसा? शिवाय बॉयलर एका ठरावीक कोळशासाठी बांधलेला असतो. भट्टीची उंची, बर्नर, मिल सगळं त्या कोळशाच्या मापाचं. नवा कोळसा मिसळायचा तर चाचण्या, तडजोडी आल्याच. ते कोण कशासाठी करेल?

आणि गिऱ्हाइकाचा भरवसा? 2020 मध्ये चीन-ऑस्ट्रेलियाचं राजकारण बिघडलं आणि ऑस्ट्रेलियन कोळशाची जहाजं चिनी बंदरांबाहेर अडकली. मुंबईच्या ग्रेट ईस्टर्न शिपिंगचं ‘जग आनंद’ त्यातलंच. त्यावरचे 23 भारतीय खलाशी महिनोन् महिने ना उतरू शकले, ना परतू शकले. 2021 च्या जानेवारीत जपानला जाऊन त्यांची सुटका झाली. तो कोळसा तर काळा, उत्तम प्रतीचा, मागणी असलेला. त्याची ही गत, तर वाळवलेल्या लिग्नाइटला कोण विचारणार?

समर्थकांचा सगळ्यात दमदार मुद्दा मी टाळणार नाही. चीनच्या नव्या केंद्रांची कार्यक्षमता 40 टक्क्यांच्या वर आहे, लॅट्रोब खोऱ्यातल्या हेझलवूडसारखी जुनी केंद्रं त्याच्या जवळपासही नव्हती. म्हणजे तोच कोळसा तिथे जाळला तर विजेच्या युनिटमागे धूर कमी. हिशोब बरोबर आहे. पण हेझलवूड मार्च 2017 मध्ये बंदच झालं. निर्यात झाली तर तो कोळसा कुणाच्या बदल्यात जळणार नाही, वाढीव जळेल. पाणी काढलं तरी कार्बन तेवढाच राहतो, आणि वाळवायला लागणारी ऊर्जा वेगळीच.

मला खरी चीड येते ती खोऱ्यातल्या माणसांसाठी. फेब्रुवारी 2014 मध्ये हेझलवूडच्या खाणीला आग लागली, 45 दिवस धुमसली आणि शेजारचं मॉरवेल गाव धुरात राहिलं. या आगीमुळे मृत्यू वाढले असण्याची शक्यता आहे, असं सरकारी चौकशीनेच नोंदवलं. नंतर नोव्हेंबर 2016 मध्ये केंद्र बंद होणार असं जाहीर झालं आणि पाच महिन्यांत शेकडो लोक घरी बसले. अशा लोकांना दरवेळी ‘निर्यात सुरू झाली की नोकऱ्या येतील’ म्हणून थांबवून ठेवायचं? मी प्लांटच्या वसाहतीत राहिलो आहे. अख्खं गाव एका चिमणीवर जगतं तेव्हा असं आश्वासन माणसं किती घट्ट धरून ठेवतात, हे मला ठाऊक आहे. मुलगा शिक्षण बदलत नाही, बाप घर विकत नाही, वर्षं निघून जातात.

खोऱ्यातली आणखी दोन कोळसा केंद्रं, यालूर्न 2028 मध्ये आणि लॉय यांग ए 2035 पर्यंत, बंद व्हायचं ठरलंय. तारखा समोर आहेत. हेझलवूडच्या खाणीचा खड्डा पाण्याने भरायचा की कसा, उतार कोसळू नयेत म्हणून काय करायचं, हे दशकांचं काम आहे आणि ते करायला याच खाणींत काम केलेली माणसं लागतील. हे खोरं ज्या भागात येतं त्या गिप्सलँडच्या समुद्रात पवनऊर्जेचं क्षेत्र 2022 मध्येच जाहीर झालंय. टर्बाइन, हाय-व्होल्टेज, देखभाल, सगळी कौशल्यं खोऱ्यात आहेत. पुन्हा कुणी कोळसा वाळवण्याचा प्रस्ताव घेऊन आला, तर सरकारने आधी चिनी केंद्राशी झालेला सहीचा खरेदी करार दाखवा म्हणावं. तो नसेल, तर ते पैसे यालूर्नच्या फिटर-वेल्डरांच्या प्रशिक्षणाला 2028 च्या आधी द्यावेत.