खुलासा : जुन्या प्रॉपर्टी एजंटांनाही परीक्षा आहेच

‘महारेराची नोंदणी आधीपासून आहे, त्यांना परीक्षा माफ, नव्यांनी क्लासचं सर्टिफिकेट दाखवलं की झालं,’ असा मेसेज एजंटांच्या ग्रुपवर फिरतोय (महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्प आणि एजंटांवर देखरेख ठेवणारं महाराष्ट्राचं प्राधिकरण). दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

महारेराच्या जानेवारी 2023च्या आदेशानुसार 20 तासांचं प्रशिक्षण आणि त्यानंतरची परीक्षा, दोन्ही सक्तीचं आहे. जुन्या एजंटांना मुदत मिळाली होती, सूट नव्हे. तीही 1 जानेवारी 2024ला संपली. क्लासचा कागद फक्त परीक्षेला बसण्यापुरता.

नोंदणीविना व्यवहार केल्यास रेरा कायद्याच्या (स्थावर मालमत्ता व्यवहारांचा केंद्रीय कायदा) कलम 62प्रमाणे रोज 10 हजार रुपये दंड होऊ शकतो. वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे धंदा केलेली माणसं अशा मेसेजवर विसंबतात, याचं फार वाईट वाटतं. अभ्यासाला कलम 9 आणि 10पासून बसा, एजंटाची नोंदणी आणि कर्तव्यं तिथेच आहेत.