बारा भावांची वाटणी

मी आखून दिलेल्या रेघा मिस्त्रींनी सुधारून दिल्या. या सुधारणेचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा ऐकवले, आणि ते ऐकताना माझ्या चेहऱ्यावर जे काही उमटले असेल त्याला कृतज्ञता समजून "असू द्या, असू द्या" असे म्हणत हातातली करवत पुसायला घेतली.

प्रकरण एवढेच होते की बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्याला सागवानी दांडी जोडून मला तीन तारांचे एक घरगुती वाद्य करायचे होते. वरची हाडाची पट्टी, जिला सतारवाले अटी म्हणतात, तिच्यापासून खालच्या टोकाला तार जिच्यावर टेकते त्या घोडीपर्यंत तारेची लांबी ६०० मिलिमीटर धरली होती आणि एका सप्तकाचे बारा पडदे, म्हणजे तार दाबून स्वर काढायच्या पट्ट्या, बसवायचे होते. पडद्यांच्या पितळी पट्ट्यांसाठी दांडीत खाचा पाडाव्या लागतात. त्या अर्ध्या मिलिमीटरहून थोड्याच रुंद आणि दांडीला अगदी काटकोनात लागतात, आणि माझ्या हातात करवत आली की काटकोन निघून जातो. म्हणून रेघा मी टोकदार पेन्सिलीने आखल्या, सोबत आकड्यांचा कागद दिला, कागदावर माझा फोन नंबर लिहिला आणि खाचांचे काम मिस्त्रींवर सोपवले. दांडी घ्यायला गेलो तेव्हा तिच्यावर बारा सुरेख, समांतर, स्वच्छ खाचा होत्या, आणि त्या सगळ्या एकमेकींपासून बरोबर पंचवीस मिलिमीटरवर होत्या.

"तुमच्या रेघा वरच्या अंगाला फाकल्या होत्या आणि खाली दाटल्या होत्या," मिस्त्री म्हणाले. "म्हटलं, साहेबांनी घाईत मारलेल्या दिसतात. वरच्या पट्टीची जागा आणि शेवटची रेघ पक्की धरली आणि मधल्या सगळ्या सारख्या करून घेतल्या. केसाचा फरक निघाला तर सांगा."

केसाचा फरक खरोखरच नव्हता. व्हर्नियर लावून मी ते पाहिले, आणि तेच मला अधिक लागले. काम वाईट असते तर निदान भांडता तरी आले असते.

ज्याने सतार किंवा गिटार लांबून जरी पाहिली आहे त्याला ठाऊक असते की पडदे सारख्या अंतरावर नसतात. घोडीकडे जावे तसे ते जवळ जवळ येत जातात. यामागचे गणित शाळकरी आहे. तार अर्धी केली की स्वर एका सप्तकाने चढतो. तो चढ बारा सारख्या पायऱ्यांत बसवायचा, तर प्रत्येक पायरीला लांबी दोनच्या बाराव्या मुळाने, म्हणजे १.०५९४६ ने, भागावी लागते. सुताराच्या सोयीचा नियम असा की जेवढी तार उरली असेल तिला १७.८१७ ने भागावे आणि येईल तेवढे पुढे जाऊन पडदा बसवावा. ६०० मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा ३३.७ वर येतो, दुसरा ६५.५ वर, पाचवा १५०.५ वर, सातवा १९९.५ वर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३०० वर. अंतरे सारखी नसतात कारण कानाला अंतर कळत नाही, प्रमाण कळते. हे मी मिस्त्रींना सांगू लागलो, आणि तिथेच घात झाला, कारण दुकानात आणखी एक मनुष्य ऐकत बसला होता.

हे गृहस्थ देवघराच्या दाराची बिजागरी बदलून घ्यायला आले होते. बिजागरी बदलून झाली होती, दार गुंडाळून सायकलला बांधून झाले होते, तरीही ते स्टुलावर बसून होते. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाल्याचे त्यांनी न विचारता सांगितले. "बघू तो कागद," असे ते म्हणाले तेव्हा कागद त्यांच्या हातात आधीच होता.

"पहिला खण ३३.७," त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचले. "आणि शेवटचा किती?"

"१७.८."

"भाऊ किती?"

"भाऊ नाहीत हो, पडदे आहेत. बारा."

"तेच ते. थोरल्याला तेहतीस आणि धाकट्याला सतरा. ही वाटणी कोण मान्य करणार?"

मी शांतपणे सांगितले की प्रत्येक पायरीला उरलेल्या लांबीचा ठरावीक हिस्सा काढायचा असतो, लांबी कमी होत जाते म्हणून हिस्साही कमी होत जातो, आणि यात कोणावर अन्याय होत नाही.

"म्हणजे थोरल्यानं आधी उचलायचं, मग उरल्यातून दुसऱ्यानं, आणि शेवटी धाकट्यानं उरलंसुरलं गोड मानायचं. अहो, असं चालायचं म्हणूनच तर आमच्याकडं मोजणीचे अर्ज यायचे." त्यांनी कागद उलटा करून पाहिला, तिकडे काही तडजोड सापडते का ते बघायला. "आणि बाराव्याच्या पुढं? इथून घोडीपर्यंत अजून ३०० मिली शिल्लक आहेत."

"तिथे पडदे नाहीत. तो भाग मोकळा राहतो."

"गायरान," त्यांनी मिस्त्रींना समजावले. मिस्त्रींनी समजल्यासारखी मान डोलावली. "आणि तिथंही वाटणी करायची म्हटली तर?"

"करता येते. तिथेही बाराच पडदे, पण प्रत्येक खण वरच्या खणाच्या निम्मा. मग उरतात १५० मिलिमीटर, त्यात पुन्हा बारा."

"आणि असं करत घोडीशी कधी पोचायचं?"

"कधीच नाही."

"मग ही मोजणी नव्हे," त्यांनी कागदाची घडी घालत निकाल दिला, "हे अपील आहे."

एका गोष्टीवर मात्र त्यांनी माझी पाठ थोपटली. प्रत्येक पडद्याचे अंतर मी आधीच्या पडद्यापासून न देता अटीपासून दिले होते, कारण एकाला लागून दुसरे मोजत गेले की प्रत्येक मापातली बारीक चूक पुढच्या मापात उतरते आणि शेवटच्या पडद्याला सगळ्यांचे कर्ज फेडावे लागते. "मोजणी नेहमी मूळ दगडापासून," ते म्हणाले, आणि क्षणभर मला वाटले की हा माणूस आता माझ्या बाजूने बोलेल. त्यांनी विचारले, "तो १७.८१७ आकडा कुठून आणला? राजपत्रात आहे का?"

राजपत्रात नाही, पण वंशावळ त्याची मोठी आहे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्त्सो गॅलिली हे ल्यूट हे युरोपातले तंतुवाद्य वाजवणारे गृहस्थ होते, आणि त्यांनी १५८१ मध्ये छापलेल्या ग्रंथात उरलेल्या तारेचा अठरावा हिस्सा घ्यावा असे सांगितले आहे. तीन वर्षांनी, १५८४ मध्ये, मिंग घराण्यातला राजपुत्र चू त्साय-यू याने सप्तकाचे बारा सारखे भाग करण्याचे नेमके गणित मांडले. मण्यांच्या पाटीवर मुळे काढत बसायला लागणारी फुरसत राजपुत्राकडेच असणार. अठराने भागत गेले तर ६०० च्या तारेवर बारावा पडदा मध्यापासून सुमारे २.२ मिलिमीटर अलीकडे पडतो. गंमत अशी की ही चूक बऱ्याच अंशी अंगी लागते, कारण तार पडद्यावर दाबली की थोडी ताणली जाते, स्वर किंचित चढतो, आणि अलीकडे सरकलेला पडदा तो चढ खाऊन टाकतो. हे सगळे मी सांगितले. गृहस्थांनी त्यातले एवढेच उचलले की थोरामोठ्यांनी पूर्वी अठरा घेतले होते. "मग अठराच घ्यायचे की! गॅलिलिओच्या बापाला जे चाललं ते तुम्हाला का चालेना?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, पण दार बांधलेल्या सायकलवर ते तोवर बसलेही होते.

हा छळ मी सांगलीत राहून सोसावा, याचे मला विशेष वाईट वाटते. इथून हाकेच्या अंतरावर मिरज. तिथे शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे करू लागली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सतारमेकर गल्लीत बाराव्या मुळाचा हा खटाटोप कोणाला करावा लागत नाही, कारण सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. कानाला पटेपर्यंत पडदा सरकवायचा आणि रागात गंधार कोमल लागला तर आणखी सरकवायचा. गॅलिलीच्या ल्यूटचे पडदेही बांधलेलेच असत. दांडीत कायमची खाच पाडणारा माणूस एकदाच बोलतो आणि जन्मभर त्या शब्दाला बांधला जातो. म्हणून त्याने बोलण्याआधी दशांश चिन्हापर्यंत हिशेब केला तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

महसूल खात्यालाही स्वरांचे वावडे असण्याचे काही कारण नाही. डेप्युटी कलेक्टर राहिलेल्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिले आहे. त्यांनी माझा कागद पाहिला असता तर तेही माझ्याशी भांडले असते, पण निदान ते भांडण श्रुतींवरून झाले असते.

मोजमापाच्या साधनांबद्दल तर न बोललेलेच बरे. टेपच्या टोकाचा पत्रा ढिला असतो आणि तो मुद्दामच, त्याच्या स्वतःच्या जाडीइतका, हलता ठेवलेला असतो, हे ठाऊक नसलेला माणूस तो ठोकून घट्ट करतो आणि मग आतली-बाहेरची मापे जुळत नाहीत म्हणून टेपला शिव्या देतो. मिस्त्रींची टेप अशीच घट्ट केलेली आहे. लाकडी पट्टीचे शून्य कोपऱ्यावर झिजलेले असते. शेवटी मी आराखडा छापूनच घ्यायचे ठरवले होते, तर ए-फोर कागदाची लांबी निघाली २९७ मिलिमीटर. माझे सप्तक ३०० चे. तीन मिलिमीटरसाठी वरचा षड्ज कागदाबाहेर. झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाने तोंडातून शब्दही न काढता सगळे आकसून कागदावर बसवून दिले आणि प्रत माझ्या हातात ठेवली. प्रमाणे शाबूत होती, हे खरे. तारही तेवढीच आखडली असती तर वाद्य सुरात राहिले असते. पण कागदावर "६०० मिमी" असे छापून आत दुसरेच माप ठेवणे याला काय म्हणावे?

माझा राग मापावर नाही. मिस्त्रींनी चुकून वेडेवाकडे कापले असते तर मी नवीन लाकूड आणले असते आणि विषय संपला असता. राग आहे तो न विचारता केलेल्या उपकाराचा. समोरच्याने आकडे लिहून दिले आहेत, प्रत्येक आकड्यात दशांश चिन्ह आहे, खाली फोन नंबर आहे, आणि तरी आपल्या मनात पहिला विचार येतो तो असा की या माणसाला सरळ रेघा मारता येत नाहीत, चला, झाकून घेऊ. एक फोन, "साहेब, हे मुद्दाम आहे का?" एवढाच. तो करायला दोन मिनिटे लागली असती. बाराही खाचा सारख्या करायला त्यांची दुपार गेली असेल.

घरी आल्यावर, ज्या दांडीचा काही उपयोग नाही तिचा राग काढायचा म्हणून मी तिच्यावर तार चढवून फोनवरचा ट्यूनर लावला. इथून पुढचे लिहिणे मला जड जाते आहे. संगीताच्या परीक्षांना बसलेल्यांनी जुन्या काळचे संगीतशास्त्रकार श्रीनिवास पंडित यांची स्वरस्थापना, म्हणजे कोणत्या स्वराला किती तार वाजवायची त्याची मापे, पाठ केलेली असते. ३६ इंचांच्या तारेवर षड्ज ३६, ऋषभ ३२, गंधार ३०, मध्यम २७, पंचम २४ आणि तार षड्ज १८. त्यातला गंधार म्हणजे आपला आजचा कोमल. हेच ६०० मिलिमीटरवर बसवले तर कोमल गंधार अटीपासून १०० वर येतो, मध्यम १५० वर, पंचम २०० वर. तिन्ही पंचविसाच्या पाढ्यात आहेत. म्हणजे मिस्त्रींची चौथी खाच शुद्ध प्रमाणाचा कोमल गंधार देत होती, सहावी मध्यम, आठवी पंचम आणि नववी, २२५ वर, कोमल धैवत. माझ्या गणिताचा कोमल गंधार ९५.५ वर असता आणि या गंधारापेक्षा सुमारे १६ सेंटने (सप्तकाच्या एका पायरीचे शंभर सेंट) उतरलेला असता. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, "गंधार छान लागलाय रे." मी उत्तर दिले नाही.

परंतु ऋषभाचे काय? ५० वरची खाच कोमल आणि शुद्ध यांच्या बरोबर मधे लोंबकळते, ७५ वरची शुद्धाच्याही वर जाते. कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत एवढे जमल्यावर कोणीही मालकंसच छेडणार. मीही छेडला, आणि निषादाशी आल्यावर दात आंबले. २७५ वरचा तो निषाद १०६१ सेंटवर उभा आहे. मालकंसाला तो चाळीसेक सेंटने जास्त आहे आणि चंद्रकंसाला सत्तावीसने कमी. दोन रागांच्या हद्दीवर असा निषाद बसवून देणाऱ्याच्या दुकानात भूकरमापक तासभर बसून होते आणि त्यांना हा बांधाचा वाद दिसला नाही!

दुसरी दांडी घेऊन गेलो तेव्हा दोघेही होते. मिस्त्रींनी माझ्या रेघांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "वाकड्यातिकड्याच कापायच्या ना? मग तसं लिहून द्या. उद्या कुणी बघितलं तर म्हणेल, मिस्त्रीचा हात गेला." मी दांडीच्या मागच्या अंगाला, जिथे वाजवताना अंगठा येतो, पेन्सिलीने लिहिले की अंतरे असमान आहेत ती माझ्या सांगण्यावरून आहेत, आणि खाली सही केली. गृहस्थांनी दांडी हातात घेतली, मजकूर दोनदा वाचला, "थोरल्यापासून धाकट्यापर्यंत" एवढे शब्द त्यात घालायला लावले आणि साक्षीदार म्हणून आपणही सही ठोकली, हुद्द्यासकट. दांडी पॉलिश करायची असल्याने तो मजकूर आता घासून काढावा लागणार आहे. घासायचे पैसे मिस्त्री वेगळे घेणार आहेत.