चेटकीण न दिसल्याची तक्रार

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' हा १९९९ चा अमेरिकन भयपट भयंकर आहे की भंकस, हा वाद दर वर्षी ऑक्टोबर लागला की माझ्या फीडवर उगवतोच. मी दोन्ही पार्ट्यांत राहून आलोय, म्हणून यंदा लिहितो.

पहिल्यांदा पाहिला हॉस्टेलवर. एक मॉनिटर, समोर आम्ही सातजण, आणि 'जगातला सगळ्यात भीतीदायक पिक्चर' अशी ख्याती. ऐंशी मिनिटं तीन पोरं जंगलात भांडतात, कॅमेरा हलतो, पिक्चर संपतो. रूममेट उठून म्हणाला, "चेटकीण कुठंय?" मीही हसलो. पुढची काही वर्षं भंकस पार्टीचा निष्ठावंत कार्यकर्ता होतो.

आमची तक्रार अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी १९९९ सालीच करून ठेवली होती, हे खूप नंतर कळलं. समीक्षक खूश होते, रॉजर ईबर्टने चारपैकी चार तारे दिले होते. पण थिएटरमधून बाहेर पडणाऱ्यांना विचारून श्रेणी देणाऱ्या सिनेमास्कोरवर मिळाला जेमतेम 'सी प्लस'. हलत्या कॅमेऱ्याने काहींना तर मळमळलं, उलट्या झाल्या. तरीही जगभरात धंदा झाला जवळजवळ २५ कोटी डॉलरचा!

त्यामागे जाहिरातीची करामत होती. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन नवख्या दिग्दर्शकांनी सिनेमा येण्याआधीच वेबसाइटवर चेटकिणीची अख्खी दंतकथा रचली. तीन विद्यार्थी मेरीलँडच्या जंगलात हरवले, त्यांचं फुटेज सापडलं, तेच तुम्ही बघताय. सनडान्स चित्रपट महोत्सवात 'हरवले आहेत' अशी पत्रकं वाटली. पात्रांना कलाकारांचीच खरी नावं दिली होती, शिवाय प्रदर्शनाच्या वेळी त्या तिघांना लोकांसमोर येऊ दिलं नाही. त्यांच्यातल्या हेदर डोनाह्यू या अभिनेत्रीच्या आईला तर सांत्वनाची पत्रं आली. इंटरनेट तेव्हा नवीन होतं, लोकांनी विश्वास ठेवला. ज्यांनी ठेवला ते घाबरले. ज्यांना नुसतं 'लई डेंजर पिक्चर आहे' एवढंच कळलं होतं, ते आमच्यासारखे चेटकिणीची वाट बघत बसले. माझ्या मते हे भांडण मुळात सिनेमाबद्दलचं नाहीच, ते जाहिरातीबद्दलचं आहे.

(साठ हजार डॉलरच्या आत शूट झाला आणि कोटींनी कमावले, असं जे फिरत असतं ते अर्धंच खरं. आर्टिझन या वितरक कंपनीने तो सुमारे दहा लाख डॉलरला घेतला, मग ध्वनी-संकलनावर आणि जाहिरातीवर वेगळा पैसा ओतला. घरगुती लोणचं मॉलमध्ये विकायचं तर बरणी, लेबल, गाडीभाडं आलंच.)

दुसऱ्यांदा पाहिला तो लॉकडाऊनमध्ये, एकट्याने, हेडफोन लावून. एका प्रसंगाला पॉज केलं. तिघं होकायंत्र धरून दिवसभर दक्षिणेला चालतात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच ओढ्यावरच्या त्याच आडव्या ओंडक्याशी येऊन पोचतात. अरे, हा तर चकवा! आमची आजी कोकणातली. ती सांगायची, चकवा लागला की आहे तिथेच बसायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. आणि ही पोरं चालतायत, चालतायत, एकमेकांवर खेकसतायत, कारण त्यांना आजी नाही. एकाने तर वैतागून नकाशा लाथेने ओढ्यात उडवलाय. चेटकीण दिसण्याची गरजच काय उरली?

मग ते शूट कसं केलं हे वाचत बसलो. १९९७ चा ऑक्टोबर, जेमतेम आठ दिवस. कॅमेरे कलाकारांनीच चालवले, संवादही बहुतेक त्यांनीच जागच्या जागी रचले. जीपीएसवर ठरलेली जागा गाठायची, तिथे डबीत आपापल्या नावाची चिठ्ठी, ती दुसऱ्याला दाखवायची नाही. जेवण रोज थोडं कमी. रात्री दिग्दर्शक येऊन तंबू हलवायचे. म्हणजे पडद्यावर जी चिडचिड दिसते ती निम्मी तरी उपाशी पोटाची आहे.

या कामाबद्दल हेदरला काय मिळालं? वर्षातली सगळ्यात वाईट अभिनेत्री म्हणून रॅझी, म्हणजे टिंगलीचा पुरस्कार! त्याच सिनेमाला स्वतंत्र चित्रपटांच्या स्पिरिट पुरस्कारांत कमी खर्चातल्या पहिल्या चित्रपटाचा मान. ती कॅमेरा तोंडाशी धरून, नाक वाहत असताना, तिघांच्या आयांची माफी मागते तो प्रसंग आठवा. पुढे त्याची टिंगल झाली. खरी रडलीय असं वाटलं म्हणून तिला अभिनय येत नाही, हा कुठला न्याय? नायिका रडताना काजळ विस्कटलं नाही तर आपण तक्रार करत नाही. इथे विस्कटलं, तर ती वाईट नटी.

पैशांचं तर विचारूच नका. कमाई दहा कोटी डॉलरच्या पुढे गेली तेव्हा कंपनीकडून फळांची टोपली आली, असं कलाकारांनीच सांगितलंय. आपल्याकडे हातात नारळ देतात, तिकडे अख्खी टोपली. नावं वापरल्याबद्दल त्यांना कोर्टात जावं लागलं, तडजोड होऊन काही रक्कम मिळाली. २०२४ मध्येही तिघं जाहीर पत्र लिहून आताच्या मालक कंपनीकडे, लायन्सगेटकडे, हक्काचं मानधन मागत होते. भंकस पार्टीने निदान या मुद्द्यावर तरी आवाज काढायला हवा होता, आम्ही चेटकीणच शोधत बसलो.

परवा त्या रूममेटला फोन करून म्हटलं, परत बघ, एकटा बघ, हेडफोन लाव.

"आता तरी दिसते का ती?" त्याने विचारलं.

म्हटलं, नाही रे.