साडेबारा व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी चांगली?

सोलरची बॅटरी रात्री लवकर उतरायला लागली तर काय करायचं, याचा एक ‘घरगुती उपाय’ सध्या फिरतोय. मलाच तो तिघांनी पाठवला. गोषवारा असा: मल्टिमीटर लावा, साडेबारा व्होल्ट दिसले तर सगळे सेल चांगले. ज्या सेलची ग्रॅव्हिटी (आतलं ॲसिड पाण्याच्या किती पट जड, तो आकडा) कमी, त्यात थोडं ॲसिड घाला. एखादा सेल गेलाच तर बाकीचे पाच आहेत, बॅटरी तशीच चालू द्या. आणि लिथियमवाल्यांनी यात पडूच नये, बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं बॅटरीतलं सर्किट) सगळं बघतो.

पहिलं साडेबारांचं. 12 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. टर्मिनलवर दिसते ती सहा जणांची बेरीज, आणि बेरजेत एकाचं अपयश सहज खपून जातं. हिशेब करून बघा. ग्रॅव्हिटीच्या आकड्यात 0.84 मिळवले की न वापरता ठेवलेल्या सेलचं व्होल्टेज ढोबळमानाने मिळतं. पाच सेल 1.270 वर, म्हणजे प्रत्येकी 2.11 व्होल्ट. सहावा 1.180 वर घसरलेला, म्हणजे 2.02. एकूण 12.57! मल्टिमीटर खूश, तुम्हीही खूश, आणि रात्री दोन पंखे लावले की इन्व्हर्टर ओरडायला लागतो.

म्हणून खराब सेल शोधायचा तो बूच उघडून, हायड्रोमीटरने, म्हणजे आत फ्लोट तरंगत असलेल्या ग्रॅव्हिटी मोजायच्या नळीने. गॉगल आणि हातमोजे घाला, बोटातली अंगठी काढून ठेवा. बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार्जर आणि लोड दोन्ही तोडून काही तास राहू द्या, मग सहाही सेलचे आकडे ओळीने लिहून काढा. काचेला चिकटलेला फ्लोट हमखास खोटं बोलतो. नळी सरळ उभी धरून टिचकी मारायची आणि डोळा पातळीला आणून वाचायचं. नुकतंच पाणी घातलं असेल तर ते वरच तरंगत असतं, त्या दिवशीचा आकडा धरू नका. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलमध्ये 0.050 पेक्षा जास्त अंतर असेल तर खालचा संशयित. सहाही जण सारखेच मागे असतील तर दोष बहुधा एका सेलचा नसतोच. बॅटरीचं पोटच भरत नसतं. तेव्हा पॅनेलवरची सावली आणि चार्ज कंट्रोलरची सेटिंग बघा.

सीलबंद बॅटरीला बूच नसतं. तिथे चांगला लोड टाकून बघायचं. व्होल्टेज एकदम दोनेक व्होल्टने कोसळलं तर एक सेल बसलाय असं समजा.

आता ॲसिड. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड नाही. ग्रॅव्हिटी कमी होते कारण ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं. वरून ॲसिड ओतलं की हायड्रोमीटरचा आकडा वाढतो, सेलची ताकद नाही. ताप उतरला असं दाखवायला थर्मामीटर बर्फात बुडवण्यातला प्रकार! सांडलेलं ॲसिड भरून काढणं वेगळं. एरवी डिस्टिल्ड पाणीच. मागे पडलेल्या सेलसाठी खरा उपाय म्हणजे इक्वलायझिंग चार्ज (भरलेल्या बॅटरीला मुद्दाम जास्त व्होल्टेजवर दिलेला जादा चार्ज), तोही बॅटरी पाण्याची असेल आणि तिच्या माहितीपत्रकात परवानगी असेल तरच. तासातासाने ग्रॅव्हिटी घ्या. आकडा वर सरकतोय तोवर आशा आहे. बाकीच्या पाचांत बुडबुडे उठताहेत आणि हा एकटाच ढिम्म, तर आत प्लेटा शॉर्ट झाल्या आहेत, सोडून द्या.

‘तशीच चालू द्या’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. 24 व्होल्टच्या बँकेत, म्हणजे बॅटऱ्यांच्या संचात, एकापुढे एक जोडलेल्या दोन बॅटऱ्या, म्हणजे बारा सेल. चार्जर 28.8 व्होल्ट देतो, प्रत्येकाच्या वाट्याला 2.4. एक सेल शॉर्ट झाला की तेच 28.8 अकरा जणांत वाटले जातात, प्रत्येकी सुमारे 2.62. म्हणजे चांगल्या बॅटरीवर 15.7 व्होल्ट आणि आजारी बॅटरीवर 13.1. चार्जरला बेरीज बरोबरच दिसते, त्यामुळे तो थांबत नाही. चांगली बॅटरी रोज उकळते, पाणी आटतं, हायड्रोजन सुटतो, आणि हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीला पुरतो. बॅटऱ्या पॅरललमध्ये असतील तर चांगली बॅटरी आजारी बॅटरीत रिकामी होत राहते. तेव्हा आधी ती बॅटरी सर्किटमधून बाहेर काढा, बाकीचं मग.

राहिलं लिथियम. बीएमएस सेलला तोडून वाचवतो, बरा करत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल अर्धा भरलेला असताना व्होल्टेजवरून काही कळत नाही. खरं काय ते दोन टोकांना दिसतं. चार्ज होताना 3.65 ला सगळ्यांत आधी पोचणारा आणि उतरताना 2.5 ला सगळ्यांत आधी टेकणारा सेल एकच असेल तर त्याची क्षमता गेली. आधी भरतो पण उतरतो सगळ्यांत शेवटी, तर तो धडधाकट आहे, फक्त बॅलन्सिंग (सगळ्या सेलना एका पातळीवर आणणं) हवं.

मात्र सेल काढण्याआधी नट तपासा. बसबारखाली (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीखाली) 2 मिलिओहम जादा रोध असला तर 50 अँपिअरला 0.1 व्होल्ट तिथेच जातो, आणि बीएमएसच्या पडद्यावर तो सेलच्या नावावर पडतो: चार्ज होताना जास्त, उतरताना कमी, अगदी मेलेल्या सेलसारखा. करंट बंद केल्या केल्या फरक गायब झाला तर पाना घ्या, त्याला टेप गुंडाळा आणि तो नट आवळा.