रोज एक जायफळ? जरा थांबा

आठवडाभर आमच्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. कॅनडातल्या शास्त्रज्ञाने म्हणे शोधलं की कोलिनेस्टरेज नावाचं विष मेंदूत साठतं, म्हणून विसरायला होतं. रोज एक अख्खं जायफळ दुधात उगाळून घ्या, तीन महिन्यांत अल्झायमर गायब. खात्रीला रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी करा. मला हा चौघांनी पाठवला, त्यातले दोघे घरचेच.

कोलिनेस्टरेज विष नाही, एन्झाइम आहे. मज्जातंतूचा निरोप ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन घेऊन जातं. निरोप पोचला की हे एन्झाइम ते मोडतं आणि पुढच्या निरोपाला वाट मोकळी होते. ते बंद पडलं तर काय होतं, हे कोकणातल्या माणसाला तरी सांगायला नको. मोहोरावर तुडतुडे आले की आपण पाठीला पंप लावतो. त्यातली ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं किड्याचं नेमकं हेच एन्झाइम अडवतात, आणि तोंडाला फडकं न बांधता वाऱ्याच्या तोंडावर फवारलं तर आपलंही. लाळ, घाम, डोळ्यांच्या टाचणीएवढ्या बाहुल्या, थरथरणारे स्नायू, शेवटी श्वास. एन्झाइम बंद करून बुद्धी वाढत असती, तर मोहोर संपेपर्यंत आमचे फवारणीवाले गडी पंचांग तोंडपाठ म्हणाले असते.

मग अल्झायमरच्या गोळ्याही हेच एन्झाइम रोखतात ना? रोखतात. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच. या आजारात ॲसिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. उरलंसुरलं जरा जास्त टिकावं म्हणून डोनेपेझिल देतात. अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली. सुरुवात सहसा ५ मिलिग्रॅमने, नाडी मंदावतेय का यावर लक्ष ठेवून. काहींना काही काळ बरं पडतं, पेशी मरायच्या थांबत नाहीत. त्याआधीचं, १९९३ चं टॅक्रिन हे औषध यकृताला बाधायचं म्हणून मागे पडलं.

कॅनडाचं म्हणाल तर हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात सुलतान दरवेश यांनी या एन्झाइमच्या चुलत भावावर, ब्युटिरिलकोलिनेस्टरेजवर काम केलंय. ते अल्झायमरच्या मेंदूतल्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या साठ्यांपाशी सापडतं. तेव्हा स्कॅनमध्ये ते टिपून माणूस जिवंत असतानाच निदान पक्कं करता येईल का, हा त्यांचा शोध. त्यात जायफळ कुठेच नाही.

रक्ततपासणीचं थोडक्यात. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यात, मोजतात ते एन्झाइम यकृतात बनतं. विषबाधेचा संशय असेल तर ती तपासणी उपयोगी, विसरभोळेपणा तिच्यात दिसत नाही.

राहिलं जायफळ. पोफळीच्या सावलीत ते आपल्याकडेही होतं, श्रीखंडात चिमूटभर हवंच. पण अख्खं पोटात गेलं तर त्यातल्या मिरिस्टिसिनसारख्या द्रव्यांनी छाती धडधडते, भ्रम होतो. ऐंशीच्या आजींना भ्रम झाला, की घरचे म्हणणार आजार वाढला, आता दोन द्या.

मेसेज पाठवणाऱ्या चुलतभावाला मी विचारलं, गेल्या मोहोरात फवारून आल्यावर तुला ॲट्रोपिन टोचलं होतं, ते कशावर उतारा म्हणून? निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही.